जर्मनीत नव्याने राहायला आलात? रोजच्या वागण्या-बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. स्टुटगार्टला येऊन १४ वर्षं झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगला, इलेक्ट्रिशियनच्या कामाला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन मला सारखे येतात. व्हिसा, भाषेची परीक्षा, घरभाडं यांची माहिती त्यांनी आधीच काढलेली असते. फोन ठेवता ठेवता आवाज जरा खाली आणून विचारलेले प्रश्न वेगळेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी स्टुटगार्टमधून लिहिते आहे. हाम्बुर्गला किंवा लाइपझिगला काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

जिन्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसालाही नमस्कार करायचा का?

हो, आणि नवीन आलेल्याने तो आधी करायचा. आपल्या इमारतीचा जिना, लिफ्ट, बेकरी, डॉक्टरांची वेटिंग रूम या सगळ्या ठिकाणी शिरताना "हालो" किंवा "गूटन टाग" म्हणतात. वेटिंग रूममध्ये बसलेली पाच-सात माणसं मान वर करतात, जवळजवळ एका सुरात उत्तर देतात आणि परत आपापल्या मासिकात डोकं घालतात. निघताना सगळ्यांना मिळून "ट्श्यूस" किंवा "आउफ वीडरझेन". आमच्या भागात आणि बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, "ग्र्यूस गॉट" ऐकू येईल, उत्तरेला दिवसभर "मोइन". कामावर दुपारच्या वेळी येता-जाता लोक एकमेकांना "माल्त्साइट" म्हणतात. त्याला उत्तरही "माल्त्साइट" हेच.

रस्त्यावर मात्र कुणी कुणाला नमस्कार करत नाही. आणि ट्राममध्ये समोरचे आजोबा टक लावून बघत असतील तर ते रागावलेत असं समजू नका. इथे नजर रोखून बघणं आपल्याइतकं खटकत नाही. फोन उचलताना मात्र "हालो" न म्हणता स्वतःचं आडनाव सांगायची जुनी पद्धत अजून बरेच जण पाळतात. कामाच्या फोनवर तीच ठेवा.

"डू" म्हणायचं की "झी"?

इथे मराठी माणसाचं निम्मं काम झालेलं असतं, कारण तू आणि तुम्ही यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. अनोळखी मोठी माणसं, शेजारी, डॉक्टर, सरकारी कचेरीतला कर्मचारी यांना "झी", सोबत फ्राउ (श्रीमती) किंवा हेर (श्री.) लावून आडनाव. लहान मुलं, मित्रमंडळी, घरची माणसं यांना "डू". आणि देवालाही "डू", जसं आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो.

फरक इतकाच की आपल्याकडे ओळख वाढली की तुम्हीचं तू कधी झालं ते कळतही नाही. इथे ते बोलून ठरवतात. वयाने किंवा पदाने मोठा असलेला माणूस एक दिवस म्हणतो, "आपण एकमेकांना डू म्हणूया का?" आणि पहिलं नाव सांगून हात पुढे करतो. तो क्षण छोटा असला तरी महत्त्वाचा असतो. तो प्रस्ताव धाकट्याने मोठ्यापुढे ठेवायचा नाही. बऱ्याच आयटी कंपन्यांत पहिल्या दिवसापासून सगळेच "डू" म्हणतात, तिथे तुम्हीही तेच म्हणा. कळेनासं झालं तर "झी"वर राहा. त्याने कुणी दुखावत नाही.

वेळेबद्दल लोक खरंच इतके काटेकोर आहेत का?

आहेत. डॉक्टर, कचेरी, मुलाखत यांना पाच मिनिटं आधी. कुणाच्या घरी जायचं असेल तर ठरलेल्या वेळी किंवा पाच मिनिटांनी. घरी लवकर जाऊ नका, यजमान अजून टेबल मांडत असतात. उशीर होणार असेल तर निघतानाच फोन करा. दहा मिनिटांसाठीसुद्धा. इथे राग उशिराचा कमी येतो, न कळवल्याचा जास्त. डॉक्टरची वेळ रद्द करायची असेल तर एक दिवस आधी.

एका गोष्टीत मात्र आपली मुलं हमखास चुकतात. "हाल्ब द्राय" म्हणजे शब्दशः अर्धा तीन. ऐकताना ते साडेतीन वाटतं, पण त्याचा अर्थ अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा हिशोब आहे. माझ्या ओळखीतली एक मुलगी घर बघायला तासभर उशिरा पोचली ती यामुळेच, आणि तोवर घर दुसऱ्याला गेलं होतं. ऐकलेली वेळ परत आकड्यात म्हणून दाखवा, "म्हणजे १४ वाजून ३० मिनिटं ना?" कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक जोड. विद्यापीठाच्या वेळापत्रकात वेळेपुढे "सी. टी." अशी अक्षरं असतील तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, "एस. टी." असेल तर ठोक्याला.

कुणी काही देऊ केलं आणि मी आधी "नको" म्हटलं, तर परत विचारतील ना?

नाही विचारणार. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या घरात पहिलं "नको" हे उत्तर नसतंच. पाहुणा नको म्हणतो, घरची बाई "असं कसं, अर्धी तरी घ्या" म्हणते, पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, तिसऱ्या खेपेला पोळी पडते आणि दोघांनाही बरं वाटतं. मी याच रीतीत वाढले. इथे पहिल्याच वर्षी कामावरच्या एका बाईंनी मला रविवारी दुपारी कॉफी आणि केकला बोलावलं. प्लमचा केक त्यांनी स्वतः भाजला होता. एक तुकडा संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी?" मी सवयीने म्हटलं, "नको, नको." त्यांनी "बरं" म्हणून केकवर झाकण ठेवलं. मला तो तुकडा हवा होता. घरी येताना ट्राममध्ये मला वाटत राहिलं की यांनी मनापासून विचारलंच नाही.

पुढे त्यांची चांगली ओळख झाल्यावर मी हे त्यांना सांगितलं. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तू नको म्हणालीस. त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तुझा शब्द मी खरा धरला नाही असं झालं असतं." तेव्हापासून माझी इथल्या लोकांकडे बघायची नजरच बदलली. आग्रह न करणं हा इथे आदराचा भाग आहे, आटलेल्या मायेचा नाही.

म्हणून, हवं असेल तर पहिल्यांदाच "हो, आवडेल" म्हणा. नुसतं "डांके" म्हटलं आणि हाताने थोडं थांबवल्यासारखं केलं तर त्याचा अर्थ नको असा होतो. हवं असेल तर "बिटे" किंवा "या, गेर्न" म्हणायचं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. जर्मन पाहुणे आपल्याकडे जेवायला आले की आपण वाढत राहतो. त्यांना लहानपणापासून ताट स्वच्छ करायला शिकवलेलं असतं, म्हणून ते संपवतात. आपल्याला रिकामं ताट दिसलं की आपण परत वाढतो. ते पुन्हा संपवतात. मी एका सभ्य गृहस्थांना सहाव्या पुरीशी झगडताना पाहिलं आहे. भांडी टेबलावर मध्ये ठेवा, हवं ते घ्या म्हणा, एकदा विचारा. "आमच्याकडे आग्रहाची पद्धत आहे, पण नको असेल तर मोकळेपणाने सांगा" असं आधीच सांगितलं की सगळेच निवांत जेवतात.

कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

फुलं, चांगलं चॉकलेट किंवा घरी केलेला एखादा पदार्थ. फुलं देताना वरचा कागद काढून द्यायची पद्धत आहे. लाल गुलाब प्रेमाचे समजतात, ते टाळा. पदार्थ असेल तर काजू-बदाम-शेंगदाणे आहेत का ते सांगा, अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते कळणं गरजेचं असतं.

चपला-बूट काढायचे का, हे दारात विचारा. काही घरांत काढतात, पाहुण्यांसाठी सपाताही ठेवलेल्या असतात. काही ठिकाणी "राहू द्या" म्हणतात. मोजे धड असू द्या.

टेबलावर यजमानांनी "गूटन आपेटीट" म्हणेपर्यंत थांबायचं. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या, रिकामा हात मांडीवर न ठेवता मनगट टेबलाच्या कडेला. जेवण झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवायची. ग्लासला ग्लास लावताना "प्रोस्ट" म्हणत प्रत्येकाच्या डोळ्यांत बघतात, हे फार पाळतात. तुम्ही दारू घेत नसाल तर सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेलं आप्फेलशोर्ले मागवा. कारण कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर "मी घेत नाही" एवढं पुरतं. शाकाहाराचंही तसंच, फक्त बोलावणं आलं त्याच दिवशी सांगा. अंडं चालतं की नाही, हेही. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर यजमानांना मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांना काहीच करता येत नाही.

हॉटेलात बिल कोण देतं?

वेटर विचारतो, "एकत्र की वेगवेगळं?" बहुतेक वेळा वेगवेगळं, आणि त्यात कंजूषपणा कुणाला वाटत नाही. कुणी "इश लाडे डिश आइन", म्हणजे माझ्याकडून तुला आमंत्रण, म्हणालं तर तो माणूस पैसे देणार आहे. नुसतं "जेवायला येतोस का?" म्हटलं असेल तर आपलं आपण. तुम्ही मित्राला पहिला शब्दप्रयोग करून बोलावलंत तर बिल तुमचं, हे ध्यानात असू द्या. टीप पाच ते दहा टक्के, पैसे देतानाच सांगायची. बिल १८.४० युरो झालं तर वीसची नोट पुढे करून "श्टिम्ट सो" म्हणायचं, म्हणजे बाकी ठेवा. लहान हॉटेलांत कार्ड चालेलच असं नाही, थोडी रोकड जवळ बाळगा.

रविवारी काय काय करायचं नाही?

दुकानं बंद असतात, सामान शनिवारीच आणा. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं चालू असतात. भिंतीला ड्रिल मारणं, गवत कापायचं यंत्र चालवणं, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या टाकीत टाकणं, हे रविवारी आणि सणाच्या सुट्टीला करायचं नाही. रविवारची विश्रांती इथे राज्यघटनेने सांभाळली आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेत तसंच्या तसं घेतलं गेलं.

रोजची शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. काही इमारतींत दुपारी एक ते तीनही असते. ते "हाउसऑर्डनुंग"मध्ये, म्हणजे घराच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. भाडेकरारासोबत मिळालेला तो कागद शांतपणे वाचा. आपली माणसं भारतात फोनवर बोलताना नकळत आवाज चढवतात, आणि इथल्या बऱ्याच इमारतींत तो शेजाऱ्यांना सहज ऐकू जातो. घरी कार्यक्रम असेल तर चार-पाच दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक दिवशी पाहुणे येणार आहेत, थोडा आवाज होईल, त्रास झाला तर बेल वाजवा, हा आमचा नंबर. अशा चिठ्ठीने दहाचा नियम बदलत नाही, पण शेजारी थेट पोलिसांना फोन करण्याऐवजी तुमची बेल वाजवतात.

दाराच्या मुठीला कुणीतरी "केरवोखे" लिहिलेली पाटी अडकवली आहे. हे काय आहे?

घाबरू नका, या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची आहे. ही आमच्या स्वाबियन भागाची खास रीत. १४९२ साली, एबरहार्ड या काउंटच्या राजवटीत, स्टुटगार्टच्या नगरनियमांत घरापुढची घाण उचलण्याचं बंधन आलं, तिथून ती सुरू झाल्याचं सांगतात. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांत तो अजून आहे आणि लोकांच्या मनात तर आहेच.

छोटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठी म्हणजे प्रवेशद्वार, तळघराची वाट, पुढचा फुटपाथ. पायऱ्या झाडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, कठड्यावरून हात फिरवायचा, आणि मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. शनिवारपर्यंत उरकलेलं बरं. हिवाळ्यात ज्याच्याकडे जबाबदारी असेल त्याने बर्फही काढायचा, बहुतेक गावांत कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत. कुणी घसरून पडलं तर भरपाईचा प्रश्न येतो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्या खेपेला फडकं कसं पिळायचं ते दाखवलं होतं. मला आधी राग आला, मग लक्षात आलं की त्यांनी तेवढ्यासाठी दोन मजले चढून यायचे कष्ट घेतले होते. आमची मैत्री त्या फडक्यापासून सुरू झाली.

कचऱ्याचं एवढं काय असतं?

पाच-सहा ठिकाणी वेगवेगळा टाकायचा असतो: कागद, ओला कचरा, वेष्टनं, काच, उरलेलं सगळं. डब्यांचे रंग गावोगाव वेगळे, त्यामुळे मैत्रिणीचं ऐकू नका, आपल्या महापालिकेचं पत्रक बघा. काचेतही पांढरी, तपकिरी, हिरवी असे तीन भाग. निळी बाटली हिरव्यात जाते. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर "प्फांड" म्हणजे अनामत असते. एकदाच वापरायच्या बाटलीला किंवा कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण ८, पुन्हा वापरायच्या इतर बऱ्याच बाटल्यांना १५. दुकानातल्या यंत्रात घातल्या की पावती मिळते. रस्त्यात असाल आणि बाटली नको असेल तर ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून थोडे पैसे मिळवणारी माणसं असतात, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये.

फोडणीचा वास, कुकरची शिट्टी, यावरून कुणी बोललं तर?

स्वयंपाक करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण दार उघडं टाकून वास जिन्यात सोडू नका, खिडकी उघडा. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा. स्मोक अलार्म सगळ्या राज्यांत घराघरांत सक्तीचा आहे आणि मिरच्या करपल्या की तो वाजतो. त्यावर फडकं बांधून ठेवू नका. उदबत्तीही त्याच्यापासून लांब लावा.

शिजवण्याची वाफ हा त्याहून मोठा प्रश्न. घरात ओल धरली, भिंतीला बुरशी आली, तर घरमालक हवा खेळती ठेवली नाही म्हणून तुमच्याकडे बोट दाखवतो. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, थंडीतसुद्धा. याला "श्टोसल्युफ्टन" म्हणतात आणि भाडेकरारातही ते लिहिलेलं असतं.

पत्रं मिळत नाहीत. कुणाकडे तक्रार करू?

आधी खाली जाऊन पत्रपेटी बघा. इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पत्र नावावरून येतं. बेलवर आणि पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याची कागदपत्रं, सगळं परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा.

तुम्ही घरी नसलात की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी टाकतात. त्याच दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या वेळेआधी, जाऊन घ्या. दोन-तीनदा झालं की डब्यातून चार लाडू द्या. ओळख होण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

दारावर स्वस्तिक काढलं तर चालेल?

घरात, देवघरात, पूजेच्या ताटात चालेल. बाहेर नको. इथल्या दंडसंहितेचं ८६ अ हे कलम नाझी संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरायला मनाई करतं, शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. धार्मिक स्वस्तिक हे त्या कायद्याचं लक्ष्य नाही. २००७ मध्ये हे चिन्ह साऱ्या युरोपीय संघात बंद करण्याचा विचार पुढे आला तेव्हा हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो मागे पडला. पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला तुमचं कुंकवाचं स्वस्तिक आणि ते दुसरं यातला फरक समजावून सांगायला तुम्ही तिथे उभे नसता. नव्या गाडीच्या बॉनेटवर, उंबऱ्यापुढच्या रांगोळीत, टी-शर्टवर, दारावरच्या स्टिकरवर नको. तिथे श्री काढा, ॐ काढा, कमळ काढा, गोपद्मं काढा.

हे नुसतं कायद्यासाठी सांगत नाही. आमच्या इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळेचा एक चौकोन बसवलेला आहे, तळहाताएवढा, दहा सेंटिमीटर बाजूचा. पहिले काही महिने मी त्याच्यावरून रोज जात होते. एकदा पिशवी फाटली, बटाटे सांडले आणि ते गोळा करायला वाकले तेव्हा अक्षरं दिसली. वर "इथे राहत होती", खाली एका बाईचं नाव, जन्मसाल, तिला नेल्याचं साल आणि छळछावणीचं नाव. ती बाई याच जिन्याने वर-खाली करत होती. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे दगड बसवायला सुरुवात केली, आता युरोपभर ते एक लाखाहून जास्त आहेत. ९ नोव्हेंबरला, १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या आठवणीत, लोक गुडघ्यावर बसून ते पितळ घासून चकचकीत करतात. मीही आमच्या दारातला घासते, पितांबरीने.

आपल्याकडे कडक शिक्षकाला किंवा वडिलांना "हिटलर" म्हणण्याची सवय आहे. काही जण त्याच्याबद्दल कौतुकानेही बोलतात. ते इथे कधीही, गमतीतही करू नका. फोटोसाठी उजवा हात तसा उंचावू नका, तो गुन्हा आहे. मला स्वतःला वाटतं की ही सवय आपण भारतातही सोडायला हवी.

गणपती, दिवाळी कशी साजरी करायची?

मनापासून करा. नदीत किंवा तळ्यात मूर्ती विसर्जित करायला परवानगी लागते, म्हणून बहुतेक जण शाडूची लहान मूर्ती घरी बादलीत किंवा टबमध्ये विसर्जित करतात आणि ती माती कुंडीत घालतात. मोठ्या शहरांतली मराठी मंडळं सार्वजनिक गणपती बसवतात. ढोल-ताशाची वेळ आणि जागा त्यांनी आधी ठरवून घेतलेली असते, तिथे मुलांना जरूर न्या.

दिवाळीत फटाके नाहीत. सामान्य माणसाला ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात, "वुंडरकेर्त्से" या नावाने मिळतात. जिन्यात पणत्या ठेवू नका, तो आगीच्या वेळचा सुटकेचा रस्ता असतो. आकाशकंदील बाल्कनीत लावा आणि शेजाऱ्यांना फराळाची ताटली द्या, सोबत हा कुठला सण आहे ते चार ओळींत लिहून. आमच्याकडे आता ऑक्टोबर लागला की आजी विचारतात, "ते काटेरी गोल या वर्षी आहेत ना?" त्यांना चकली म्हणायची असते.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर?

देऊ नका. आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात, आणि बरीच शिकलेली माणसंही हे पाळतात. उशिरा दिलेल्या चालतात. कामावर तुमचा वाढदिवस असेल तर केक तुम्ही आणायचा.

गप्पा मारताना काय विचारू नये?

पगार, लग्न, मूलबाळ, वजन, धर्म, कुणाला मत दिलं. आजारपणही. आजारी पडल्याचा डॉक्टरचा दाखला कंपनीला जातो तेव्हा आजाराचं नावही त्यावर नसतं. सुट्टीत कुठे गेला होता, हवा, सायकल, भाजीपाला, कुत्रा, हे विषय कधीही चालतात. सर्दी झाली असेल तर नाक आत ओढत बसू नका, त्याचा लोकांना फार त्रास होतो. रुमाल काढून नाक साफ शिंकरा, चारचौघांतही चालतं. कुणी शिंकलं तर "गेझुंडहाइट".

एका अनोळखी बाईंनी मला सिग्नलवर सगळ्यांसमोर टोकलं. मी परदेशी म्हणून का?

तुम्ही लाल दिव्यात रस्ता ओलांडत होतात आणि शेजारी लहान मूल उभं होतं का? मग त्यासाठी. गाडी नसली तरी मुलांसमोर लाल दिव्यात जात नाहीत, दंडही पाच युरोंपासून आहे. सायकलच्या पट्ट्यावर चालणं, सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहणं, यासाठीही लोक टोकतात, आणि आपसातही तितकंच टोकतात. "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, म्हणून पुढे चला.

पण कधी कधी ते खरंच तुमच्या रंगामुळे असतं. तसे शब्द वापरले गेले, कुणी मागे लागलं, घाण बोललं, तर ते संस्कृतीतला फरक म्हणून गिळू नका. आजूबाजूच्या माणसांना मोठ्याने मदत मागा, ११० वर पोलिसांना फोन करा.

मुलांच्या बाबतीत काय सांभाळायचं?

दुसऱ्याच्या बाळाचा गालगुच्चा घेऊ नका, फोटो काढू नका, खाऊ देण्याआधी आईला विचारा. शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकतानाही परवानगी हवी. वाढदिवसाचं बोलावणं आलं तर मुलाला दारात सोडून आणायला किती वाजता यायचं ते विचारा, आई-वडिलांनी थांबायचं असेल तर तसं सांगतात. तुमचं मूल दिवसा घरात धावलं, रडलं म्हणून दडपण घेऊ नका. पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज त्रासदायक गोंगाट धरू नये, असा कायद्यात २०११ पासून उल्लेख आहे.

शेजारी कुणी वारलं तर भेटायला जायचं का?

आपल्याकडे कळल्याबरोबर जातात, काही न बोलता बसून राहतात, शेजारून पिठलं-भात जातो. इथे न कळवता दार वाजवू नका. काळ्या किंवा करड्या रंगाचं सांत्वनाचं कार्ड मिळतं, त्यात हाताने दोन-तीन ओळी लिहून पत्रपेटीत टाकायचं. "हेर्त्सलिखेस बाइलाइड" ही ठरलेली ओळ, आणि तिच्याखाली त्या माणसाची तुमची एखादी आठवण. ती आठवण लिहाच. अंत्यविधी काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही असतो. दिवस आणि वेळ वर्तमानपत्रात किंवा त्यांच्या पत्रात दिलेली असते. गडद कपडे घालून जायचं, कबरीवर मूठभर माती किंवा एक फूल टाकायचं. नंतर कॉफी आणि केकला बोलावलं तर जायचं. तिथे लोक गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगून हसतातही.

खालच्या मजल्यावरच्या आजींचे यजमान गेले तेव्हा मी कार्ड टाकलं. चार दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, "तुमच्यासाठी थोडं जेवण आणू का? नको असेल तर नको म्हणा." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, आवडेल." मी मऊ खिचडी नेली. त्यांनी दार उघडून मला आत घेतलं, आणि आम्ही बराच वेळ काही न बोलता बसलो.